जानूची कच्ची वही

जानू मला भेटायला रंगपटात आला तेव्हा मी राणीच्या शालूत होतो आणि एका कानात कुडी घालायची राहिली होती. तो दाराशी उभा राहिला. उजवा हात मनगटापर्यंत चिंधीत गुंडाळलेला, डाव्या काखेत एक वही घट्ट दाबून धरलेली.

"बाबू, तुझं अक्षर अजून तसंच हाय ना रे?"

"अक्षर तसंच आहे. बाकीचा मी बदललोय," असं म्हणून मी पदर सावरला.

एरवी एवढ्यावर तो खो खो हसला असता. त्या दिवशी हसला नाही. त्याने वही माझ्या रंगाच्या डब्यांशेजारी ठेवली आणि आरशातल्या माझ्याकडे बघत म्हणाला, "मग माझं एक काम कर. नाय म्हनू नको."

ही एकोणीसशे सत्तावीस सालच्या डिसेंबरातली गोष्ट. आमच्या नाटक कंपनीचा मुक्काम तेव्हा रत्नागिरीत होता. मी बावीस वर्षांचा, कंपनीतला दुसऱ्या नंबरचा स्त्री-पार्टी. त्यानंतर रंगभूमीवर मी कितीतरी वेळा मेलो, विष पिऊन, कड्यावरून उडी टाकून, नुसता विरहाने झुरूनसुद्धा. त्यातलं आता फारसं काही आठवत नाही. पण पडद्याच्या बाहेर, भर सकाळी, एका माणसाचं मी जे करून बसलो ते रोज आठवतं. म्हणून जानूबद्दल लिहायला बसलो आहे.

जानू आमच्या मुरुगवाड्यातला, दर्यावर मासे मारणाऱ्या खारव्याचा मुलगा. बाप लहानपणीच गेला. आई ठमाबाई बंदरावरची मासळी घेऊन ती खारवून विकायची. मुशी, सुरमई, बांगडा, सगळं मिठात घालून पावसाळ्यापुरतं ठेवायचं आणि श्रावण-भाद्रपदात घाटावर जाणाऱ्या व्यापाऱ्यांना द्यायचं. पण एखाद्या वर्षी काय व्हायचं कोण जाणे, ती मासळी लाल पडायची. कुणी कुंकवाचं बोट फिरवावं तशी. मग तिला कुत्रंही विचारत नसे. माडाच्या बुंध्याशी खड्डा काढून सगळी पुरावी लागायची. वाडीतल्या बायका म्हणायच्या, नजर लागली. कुणी म्हणायचं, विटाळ झाला. दहा वर्षांचा जानू खड्ड्याच्या काठावर बसून म्हणायचा, "मिठात कायतरी असतं."

इंग्रजी तिसरीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो. मग गळा चांगला म्हणून मी कंपनीत पळालो आणि जानू तिथेच चिकटून राहिला. मिठात काय असतं ते शोधून काढायचं एक शास्त्र आहे, असं त्याला हायस्कुलातल्या एका मास्तरांनी सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर हा मुलगा मॅट्रिक झाला आणि मुंबईच्या कॉलेजात इंटर सायन्सपर्यंत जाऊन पोचला. ज्ञातीतल्या मुंबईकर मंडळींनी त्याची फी आणि खानावळ अंगावर घेतली होती. अट एकच. एकही टर्म बुडता कामा नये. एक टर्म गेली की मदत बंद.

आता त्याचं काम काय होतं ते सांगतो. कॉलेजात दर आठवड्याला रसायनाचा एक प्रयोग करायचा. टेबलाशी उभं राहून जे दिसेल ते एका कच्च्या वहीत लिहायचं. सुट्टी संपली की त्या सगळ्याची स्वच्छ, पक्की वही करून प्रोफेसरांकडे न्यायची. ती पाहून ते सर्टिफिकेट देत. सर्टिफिकेट नाही तर टर्म नाही, आणि टर्म नाही तर परीक्षा नाही. जानूचे एकवीस प्रयोग झाले होते. पक्की वही घरी येऊन लिहायची म्हणून तो नाताळच्या सुट्टीत आगबोटीने आला, आणि आल्याच्या दुसऱ्या दिवशी मांडवीच्या किनाऱ्यावर रापण लागली होती. रापणीचं जाळं ओढायला माणसं कमी पडत होती. दोराला हात लावील त्याला मासळीचा वाटा मिळतो.

"मी सांगलंव हो त्याला, जा म्हनून," ठमाबाई मला पुढे सांगायची. "हात लाव, वाटा मिळंल. माझीच जीभ मेली."

पुस्तकं धरून धरून जानूचे तळवे मऊ झालेले. ओला दोर सटकला आणि चार बोटांची साल घेऊन गेला. वैद्याने हळद-तेल भरून हात बांधला आणि तीन आठवडे लेखणी धरायची नाही म्हणून बजावलं. कॉलेज पंधरा दिवसांत उघडायचं होतं.

"प्रोफेसरांना सांगेन मी हाताचं," जानू म्हणाला. "माणूस चांगला हाय. पन वही पायजे. नुसता हात दाखवून काय व्हनार?"

मी कुडी घातली, वही उघडली. पानं पिवळी, कुठे तपकिरी डाग, कुठे ॲसिडने पडलेली भोकं, एका पानावर मोरचुदासारखा निळा ओघळ. खोडाखोड तर विचारू नका. सगळं इंग्रजीत. मला इंग्रजी अक्षरं काढता येत, अर्थ मात्र दहातल्या दोन शब्दांचा लागे.

"एवढंच ना?" मी म्हणालो. "सोन्यासारखी करून देतो."

कंपनीत माझ्या अक्षराचा दबदबा होता. पूर्वीच्या कंपन्यांतली रीत आजच्या मुलांना ठाऊक नसेल. अख्खं नाटक कुणाच्याही हातात देत नसत. प्रत्येक नटाला त्याच्या भूमिकेपुरती वाक्यं वेगळी लिहून मिळत, त्याला नक्कल म्हणायचं. त्या नकला मी लिहायचा. आणि आमचे मालक आप्पा यांचा एक कडक नियम होता. नवी नक्कल झाली की जुनी त्याच दिवशी चुलीत गेली पाहिजे. एकदा म्हणे कुणीतरी जुन्या नकला जमवून आमचं अख्खं नाटक दुसऱ्या कंपनीला नेऊन दिलं होतं. तेव्हापासून आप्पा स्वतः विचारायचे, "बाबू, जुनी गेली?" मी म्हणायचा, "गेली." तेराव्या वर्षापासून माझ्या हाताला तेच वळण.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बसलो. जेवणं झाली की बिऱ्हाडाच्या ओसरीवर, ते तोंडाला रंग लावायची वेळ होईपर्यंत. मी लिहायचा, जानू शेजारी मांडी घालून सांगायचा. मला अर्थ कळत नाही हे त्याला सोसायचं नाही.

"हे बघ, एक पांढरी पूड देतात. नाव सांगत नायत. ती कोन हाय ते तू ओळखायचं."

"म्हणजे वेषांतर करून आलेला राजपुत्र."

"तसंच समज. पहिल्या दरवाजाशी त्याला हे ॲसिड पाजायचं. पांढरा साका खाली बसला तर तो तिघांपैकी एक. मग गरम पानी घालायचं. विरघळला तर शिसं."

"आणि राजपुत्राने तरीही नाव सांगितलं नाही तर?"

"सांगतो, सांगतो. दुसरं एक औषध घालून पुन्हा तापवायचं, मग हळूहळू गार करायचं." इथे जानूचा आवाज खाली यायचा. "सोन्याचे कन पडतात रे बाबू, नळीत. नुसता सोन्याचा पाऊस. मी पयल्यांदा बघितलं तेव्हा लिवायचंच विसरलो."

मी रंगभूमीवर आयुष्य काढलं आहे. पण सोन्याचा पाऊस म्हणताना जानूचा चेहरा झाला तसा चेहरा मला कधी रंगवून साधला नाही. आमच्या नाटकात देवी प्रगट होताना तांबडा-हिरवा उजेड उडवत, त्या पुडीत काय असतं तेही त्यानेच मला सांगितलं. हिरवी ज्वाळा तांब्याने होते, तांबडी आणखी कशाने, आणि पिवळी आली की समजायचं, आपलं साधं मीठ. "माझी ज्वाळा कायम पिवळी येते," तो म्हणायचा. "मास्तर म्हनतात, हात धू. किती धुनार? खारव्याचे हात."

सहाव्या प्रयोगात एका आकड्यावर काट मारलेली होती. आधीच्या पाच प्रयोगांतल्यासारखाच मी तो आकडा गाळून पुढे निघालो.

"थांब. तो पन लिव."

"अरे, खोडलाय तो. चुकलेला आहे."

"चुकला म्हनूनच लिव. आधी चौदा आला, मग दहा, मग पुन्हा दहा. तसं झालं, तसं लिवायचं."

"नाटकात चुकलेली ओळ कुणी नकलेत लिहितो का, वेड्या?"

"हे नाटक नाय बाबू."

मी लिहिला, पण बारीक अक्षरात, कोपऱ्यात. आणि त्यानंतरच्या पंधरा प्रयोगांत जिथे जिथे खोडाखोड होती, तिथे तिथे त्याचं लक्ष नाही असं पाहून सरळ गाळत गेलो. माझ्या पानावर मला काट सहन होत नसे. प्रत्येक प्रयोगाच्या तळाशी निळ्या पेन्सिलीचा एक आकडेबाज पीळ होता, शेपटीसारखा. पेन्सिलीचं टोक तपासून पाहिलं असेल, अशा समजुतीने मी तेही सोडलं. विचारलं नाही. आणि जानूने सांगितलं नाही. तो काय आहे हे कॉलेजातल्या प्रत्येक मुलाला माहीत असतं, मग सांगायचं काय?

एक दिवस ठमाबाई आमच्या भटारखान्यासाठी बांगडे घेऊन आली. पाटी उतरवून ओसरीशी उभी राहिली आणि आम्हा दोघांकडे बघत बसली.

"काय रे बाबल्या, लिवतोस तू आनि बसून सांगतोय हा. मग पास कोन व्हनार?"

"दोघंही होऊ, मावशी."

"तू नको होऊ बाबा. तू लुगडं नेसून बी. ए. झालास तर माझ्या पोराला बायको कोन देल?" मग वही जवळून बघितली. तिला वाचता येत नव्हतं. बोट न लावता, हवेतूनच तिने पानावरून बोट फिरवलं. "देवाच्या पोथीसारखं केलंस रे. हे बघून तर कुनी पन पास करंल."

बाराव्या दिवशी पक्की वही पूर्ण झाली. दोन रंगांची शाई, प्रयोगाच्या नावाखाली पट्टीने ओढलेली रेघ, पहिल्या पानावर वेलबुट्टी. माझ्या हातून तितकं सुंदर काम त्याआधी झालं नव्हतं. मी वही बासनात बांधली, जुनी उचलली आणि भटारखान्यात गेलो. गंगाराम आचारी भाताच्या हंड्याखाली लाकडं सारत होता.

"सरक. नक्कल आहे."

गंगारामने सवयीने लाकूड बाजूला केलं. मी वही आत सरकवली. एक-दोन पानं सावकाश काळी झाली आणि मग एकदम हिरवीगार ज्वाळा उठली.

"अगो बाय!" गंगाराम हसला. "कुठल्या नाटकाची रे ही नक्कल? भुताच्या?"

मीही हसलो. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

तासाभराने जानू आला. संध्याकाळी आगबोट होती. भगवती बंदरात आगबोटीपर्यंत नेणारे पडाव लागले होते, ट्रंक पुढे गेली होती. मी दोन्ही हातांनी, नजराणा द्यावा तशी वही दिली. त्याने डाव्या हाताने पानं उलटली. त्याला कौतुक करायची सवय नव्हती. नुसतं "बाबू" म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "आनि ती?"

"कोणती?"

"कच्ची रे. माझी."

"ती? ती गेली. चुलीत. नवी झाली की..." जानू ओसरीच्या खांबाला धरून खाली बसला.

तिथे मला कळलं. तो निळा पीळ म्हणजे प्रोफेसरांची सही होती. प्रयोग झाला की तिथल्या तिथे, टेबलाशी, ते कच्च्या वहीवर सही करत. या मुलाने हे माझ्या डोळ्यांदेखत केलं, एवढाच तिचा अर्थ. पक्की वही कुणीही लिहावी, कशीही लिहावी, पुरावा म्हणजे ती घाणेरडी, भोकं पडलेली वही. एकवीस सह्या मी भाताच्या हंड्याखाली सारल्या होत्या.

मी त्याचे पाय धरले. तोंडाला येईल ते बोललो. त्याला काहीच ऐकू गेलं नसावं. त्याने एवढंच विचारलं, "ज्वाळा कसल्या रंगाची होती?"

"हिरवी."

"म्हंजे सातवा प्रयोग," जानू म्हणाला. "तांबं सांडलं व्हतं त्या पानावर."

आणि तो उठून बंदराकडे चालू लागला.

जानेवारीत त्याचं पत्र आलं. डाव्या हाताने लिहिलेलं, चार ओळी. सर्टिफिकेट मिळत नाही. प्रोफेसर म्हणतात, साठ मुलांच्या सह्या मी करतो, कुणाच्या केल्या ते मला आठवत नाही. मी आप्पांकडे गेलो. आप्पा तापट, पण त्या दिवशी त्यांनी चुलीकडे एकदा पाहिलं आणि चार दिवसांची रजा दिली. माझी भूमिका दुसऱ्याला गेली. ती मला परत मिळाली नाही. त्याचं दुःख नाही.

आगबोटीच्या डेकवर मी काय बोलायचं ते पाठ केलं. अंगात लांब कोट, डोक्यावर जरीचा रुमाल. प्रोफेसरांनी आम्हाला त्यांच्या खोलीत बोलावलं. जानू दाराशी उभा, हाताची चिंधी सुटलेली, तळव्यावर तांबूस नवी कातडी. मी बोललो. रापण, दोर, नक्कल, आप्पांचा नियम, चूल, हिरवी ज्वाळा, सगळं. जिथे थांबायला हवं तिथे थांबलो, जिथे आवाज भरून यायला हवा तिथे तो आपोआप भरून आला. शेवटी मी म्हणालो, "शिक्षा मला द्या."

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. तो माणूस वाईट नव्हता, हे मी मुद्दाम लिहून ठेवतो.

"तुम्हाला मी पाहिलंय," ते म्हणाले. "मागच्या वर्षी, तुरुंगातल्या राणीच्या प्रवेशात. तेव्हाही माझ्या डोळ्यांत असंच पाणी आलं होतं."

मी डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला.

"दरवर्षी अशा सात-आठ वह्या येतात माझ्याकडे. सुंदर अक्षर, पैसे देऊन लिहून घेतलेलं. आणि कच्ची वही मागितली की ती हरवलेली असते, भिजलेली असते, जळलेली असते. तुमच्याइतकं चांगलं मात्र आजवर कुणी सांगितलं नाही."

"पण हे खरं आहे हो, साहेब!"

"असेल. मुलगा हुशार आहे, त्याला येतंय, तेही मला माहीत आहे. पण त्या कागदावर मला लिहून द्यावं लागतं की हे याने केलं आणि माझ्यासमोर केलं. पुराव्याशिवाय ते कसं लिहू?" त्यांनी वही चाळली. सहाव्या प्रयोगाशी थांबले. कोपऱ्यातल्या त्या बारीक चौदाच्या आकड्यावर बोट ठेवलं. "हे तेवढं खरं वाटतं. अशी चूक कुणी बनवून लिहीत नाही. बाकीच्या वहीत एकही चूक नाही. पहिल्या वर्षी ज्याला काचेची नळीसुद्धा नीट धरता येत नव्हती, त्याच्या वीस प्रयोगांत एकही चूक नाही? असं होत नाही."

जानूने माझ्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्याला कळलं की मी ती खोडाखोड गाळली होती. प्रोफेसरांसमोर त्याने मला उघडं पाडलं नाही. मीच सांगायला हवं होतं, "साहेब, चुका होत्या, मी पुसल्या." पण माझं पाठ केलेलं भाषण संपलं होतं, आणि भाषण संपल्यावर काय बोलायचं हे मला कुणी कधी शिकवलं नव्हतं.

"सगळे पुन्हा करू द्या," जानू म्हणाला. त्या खोलीत तो एवढंच बोलला.

"एकवीस प्रयोग? टेबल मोकळं नाही बाळा, दिवसही नाहीत. पुढच्या वर्षी ये."

पुढचं वर्ष त्याला नव्हतंच. टर्म गेली, ज्ञातीच्या मंडळींनी हात वर केले. त्यांनाही दुसरी मुलं होती. जिन्यावरून उतरताना जानू म्हणाला, "चांगला बोललास हो." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

"वाईट बोलायला येत नाही मला," मी म्हणालो. जानूने मान डोलावली.

तो परत मुरुगवाड्यात आला आणि वर्षाने मासे खारवण्याच्या सरकारी आवारात मीठ मोजून देण्याच्या कामाला लागला. सकाळी कोळणी-खारविणी पाट्या घेऊन रांगेत बसायच्या, हा मापाने मीठ टाकायचा. लग्न झालं. बायको सत्यवती, शांत, कामसू. ठमाबाईने मात्र मला सोडलं नाही. मुक्कामाला रत्नागिरीत आलो की भर रस्त्यात हाक मारायची, "काय गो राणी! माझ्या पोराची वही चुलीला घालून भात शिजला का तुझा?" लोक हसायचे. मी मान खाली घालायचा. आणि दुसऱ्या दिवशी भटारखान्यात बांगडे तिच्याच पाटीतून यायचे, निवडून काढलेले. माणसाची जीभ आणि हात वेगळे असतात, हे मी तिच्यात पाहिलं. चौतीस साली ती गेली. त्या वर्षी पुन्हा तिची मासळी लाल पडली होती. जाताना म्हणाली म्हणे, "जान्या, मिठात काय हाय ते बघितलंस का रे?"

बोलपट आले, थिएटरं गेली, छत्तीस साली आमची कंपनी मोडली. मी मिशा वाढवून घरी आलो. तोवरच्या आठ-नऊ वर्षांत मी जानूला भेटत होतो, पण नेहमी घाईत, नेहमी चार माणसांत. एकट्याने त्याच्यासमोर बसायची मला हिंमत नव्हती. अडतीस साली एका दुपारी, आवार बंद व्हायच्या वेळेला, मी गेलो.

तो मिठाच्या ढिगाजवळ पोत्यावर बसला होता. पुढ्यात एक लोखंडी तवा, तीन दगडांवर. तव्यात पाणी आटत होतं. मला बघून सरकला, जागा केली.

"काय चाललंय?"

"नवीन मीठ आलंय. बघतोय."

तव्यात पांढरी कड धरली. त्याने ती काडीने खरवडली, जिभेवर ठेवली, उजेडात धरली, मग मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहिलं. मी बघितलं. आखणी तीच. हेतू. साहित्य. कृती. निरीक्षण. अनुमान. इंग्रजीऐवजी मराठीत, वाकड्यातिकड्या अक्षरात. दोराने हात कापल्यापासून त्याची बोटं पुरती वळत नसत. पाण्याचे डाग, मिठाचे ओघळ, आणि पानोपानी खोडाखोड. साहित्यात लिहिलं होतं, तवा, काडी, जीभ, डोळे.

"आतून आण गो ते," त्याने सत्यवतीला हाक मारली. ती त्याची भाकरी घेऊन आली होती. तिने कोपऱ्यातली एक पेटी उघडली. आत वह्याच वह्या. एकोणतीस सालापासूनच्या. जे मीठ आलं ते, कुठल्या बंदरातून आलं, कसं दिसलं, त्यात खारवलेली मासळी कुठल्या महिन्यात कशी झाली. ज्या मिठात मासळी लाल पडली त्यापुढे तांबडी फुली. नऊ वर्षं, कुणी न सांगता, कुणी न बघता.

मी एक एक पान उलटत गेलो. निरीक्षणं भरगच्च होती. त्यांच्याखाली, जिथे अनुमान लिहायचं, तिथे बहुतेक पानांवर काहीच नव्हतं. काही ठिकाणी "कळत नाही" एवढंच. एका पानावर तीन वेगवेगळी अनुमानं लिहून तिन्ही खोडली होती, आणि खोडलेली तशीच ठेवली होती.

"तव्यावर कळनार नाय ते," जानू म्हणाला. "नळ्या पायजेत, औषधं पायजेत. आनि कसं बघायचं ते पुढच्या वर्षी शिकवतात." त्याने तव्याखालचं लाकूड मागे ओढलं. "ते वर्ष राहिलं."

रंगभूमीवर असतो तर या जागेला मी दोन कडवी म्हटली असती. मी त्या वह्यांकडे पाहिलं. ओल लागून कडा उसवत होत्या, शाई पसरत होती, चार पावसाळ्यांत काही वाचता येणार नव्हतं. आणि माझ्या हातात, कंपनी मोडली तरी, अक्षर शिल्लक होतं. मला वाटलं, एवढं तरी मी करू शकतो.

"जानू, मला दे. सगळं नीट लिहून देतो. चांगल्या कागदावर. कुणाला तरी दाखवता येईल. एकही काट गाळणार नाही, तुझ्या आईची शपथ."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. अकरा वर्षांपूर्वी रंगपटाच्या दारातून पाहिलं होतं, तसंच. मग पुढे वाकून त्याने माझ्या मांडीवरची वही उचलली. वाकड्या बोटांनी, हळूच. झोपलेलं पोर दुसऱ्याच्या कुशीतून काढून घ्यावं तशी.

"नको, बाबू," तो म्हणाला.

त्याने ती पेटीत ठेवली, पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेच्या करगोट्याला अडकवली. सत्यवतीने दोघांना भाकरी वाढली. आम्ही जेवलो. भाकरीबरोबर खारा बांगडा होता. त्याने तो मोडून आधी उजेडाकडे धरून बघितला, आणि मग अर्धा माझ्या ताटात ठेवला.